न सांगितलेले तेल

मंगळवार, ६ फेब्रुवारी २०२४. सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे झाली होती. बुलढाण्यातील माझ्या घराच्या पुढच्या खोलीत मी संगणक उघडला आणि पहिल्याच पत्रात त्याच्या जहाजाचे नाव दिसले. पत्र पडताळणी करणाऱ्या संस्थेचे होते. मजकूर चार ओळींचा. जहाजाने वर्षअखेरीस कळवलेला तेलाचा साठा आणि जानेवारीत बंदरावर त्रयस्थ सर्वेक्षकाने मोजलेला साठा यांचा मेळ बसत नाही. मोजलेला साठा सुमारे चाळीस टनांनी अधिक भरतो. मधल्या काळात तेल घेतल्याची नोंद नाही. खुलासा करावा.

मी पत्र एकदाच वाचले. खुलासा मला ठाऊक होता. समुद्रात तेल जन्माला येत नाही. ते आधीपासून तिथे होते, आणि त्याने ते सांगितले नव्हते.

जहाजांच्या धुराचा हिशेब आता द्यावा लागतो. किती तेल जाळले आणि किती अंतर कापले हे प्रत्येक जहाज रोज दुपारी कळवते. वर्षअखेरीस त्याची बेरीज होते. एक टन तेल जळले की तीन टनांहून अधिक कर्बवायू हवेत जातो, या प्रमाणाने त्या बेरजेचे धुरात रूपांतर होते. बाहेरची संस्था ती तपासते, प्रमाणपत्र देते आणि त्याखेरीज जहाजाला श्रेणीही मिळते. प्रमाणपत्र नसलेले जहाज युरोपच्या बंदरात अडवले जाऊ शकते. मी आयुष्यभर जहाजांवर इंजिनियर होतो, अखेरची वर्षे चीफ. निवृत्तीनंतर आमच्या कंपनीच्या जहाजांची ही बेरीज माझ्याकडे आली. समुद्रापासून इतक्या लांब, रेल्वेही न पोहोचलेल्या गावात बसून मी ती करीत असे, याचे लोकांना हसू येई. मला येत नसे.

त्याचे नाव येथे देत नाही. त्याला ते आवडले नसते. कोणतीही गोष्ट पूर्ण सांगितलेली त्याला आवडत नसे.

तो डोणगावच्या बाजूच्या एका खेड्यातला. माझ्या हाताखाली तो प्रथम आला तेव्हा मी चीफ होतो आणि तो सेकंड इंजिनियर. बुटका, रुंद, कानांवर भरपूर केस. इंजिनरूममध्ये हिंदी बोले, कॅप्टनशी इंग्रजी, आणि माझ्याशी आपली वऱ्हाडी. मी शिकायला पुण्याला गेलो होतो, त्यामुळे माझी बोली सुटली होती. त्याला ते खपत नसे.

"तुमी असं बोलू नका साहेब," तो म्हणे. "ऐकूनच तेल पातळ होते."

त्या पहिल्याच सफरीत हिंदी महासागराच्या मध्यावर आमचे तेल शुद्ध करणारे यंत्र बंद पडले. आतले एक सील फाटले होते. भांडारात दुसरे नव्हते. यादीतही नव्हते. आम्ही चौघांनी दोन तास खोक्यामागून खोकी उपसली. तो एका बाजूला उभा राहून पाहत होता. शेवटी तो वर गेला आणि नवे कोरे सील घेऊन खाली आला.

"कुठे होते?"

"माह्या गादीखाली."

"आणि दोन तास तू आमच्याकडे पाहत बसलास?"

"पाह्यत नोतो साहेब, थांबून राह्यलो होतो. काय माहीत, तुमाले दुसरं सापडलं असतं. मंग हे वाचलं असतं."

मी त्याला बजावले की मी चीफ आहे, निदान मला तरी सांगत जा. तो गंभीरपणे म्हणाला, "तुमाले सांगितलं असतं तं ते यादीत गेलं असतं. यादीत गेलं का वापरलं जाते. आहे म्हनलं का संपते."

हे त्याचे नेहमीचे वाक्य होते. आहे म्हनलं का संपते. त्याने ते मला असंख्य वेळा ऐकवले. पुढे त्याच्या गादीखाली मी स्वतः हात घालून पाहिला. इंजेक्टरची तोंडे, दोन बेअरिंगे, काचेच्या नळ्या, आणि एका फडक्यात बांधलेली शेंगदाण्याची चटणी. एवढ्यावर तो झोपत असे.

प्रकृतीच्या बाबतीतही हेच. कसा आहेस, असे विचारले की उत्तर ठरलेले असे. "बरा नाई साहेब." पाठ दुखते, पोट ठीक नाही, झोप येत नाही. प्रत्यक्षात तो बैलासारखा होता. ज्या दिवशी कॅप्टनने त्याला ताप तपासायला लावले त्या दिवशी त्याने एकट्याने सिलिंडरचे झाकण खोलून दाखवले. मी कारण विचारले. म्हणाला, "धडधाकट हाय म्हनलं का काम वाढवते लोक. आपली ताकत आपल्यापाशी असू द्या."

त्याच्या या स्वभावाचे कारण शोधणारे पुष्कळ होते. दुष्काळात वाढला म्हणून असा झाला, असे म्हणत. दुष्काळात मीही वाढलो. मला कारण ठाऊक नाही.

रजेवर तो गावी येई तेव्हा मी एकदोनदा बुलढाण्याहून एस.टी.ने मेहकर आणि तिथून त्याच्या गावी गेलो होतो. जहाजावर टाकीची खोली मोजायला पितळी वजन लावलेली पोलादी फीत असते. तशी एक जुनी फीत त्याने घरी आणली होती. शिवारातले लोक त्याला विहिरी मोजायला बोलवीत. त्यातल्या एका भेटीत आम्ही शेजारच्या शेतात गेलो. शेताचा मालक म्हातारा होता, आणि तोंडाचा फटकळ. याने काठावर गुडघे टेकून फीत सोडली, वजन तळाला लागल्याचे बोटांनी ओळखले, फीत वर घेतली आणि ओली खूण पाहिली.

"आठ हात."

"आठ?" म्हातारा ओरडला. "काऊन बे, मांगच्या मयन्यात तं दहाच्या वर होतं!"

"मंग मांगच्या मयन्यातलंच पानी पाज गव्हाले."

"जहाजावर बी असंच मोजतं का बे तू? कसं नाई बुडालं ते?"

"बुडालं असतं तं तुही विहीर मोजाले आलो असतो का?"

म्हातारा पुटपुटत मोटार बंद करायला गेला. मी फीत पाहिली होती. ओली खूण साडेनऊ हातांवर होती.

परतताना मी विचारले. त्याने आजूबाजूला पाहिले, जणू तूरही ऐकत होती. "खरं सांगितलं का दिवसभर मोटार सोडून देतेत साहेब. कमी सांगितलं का चैतात एक पाळी जास्त भेटते. त्यायलेच भेटते. मले काय करायचं हाय?"

त्या उन्हाळ्यात आसपासच्या गावांना टँकर लागले. त्या शिवारातल्या काही विहिरींना मात्र वैशाखापर्यंत पाणी होते. ते त्याच्यामुळे की आणखी कशामुळे, हे मी सांगू शकत नाही.

विहिरीवरून घरी परतल्यावर त्याच्या पत्नीने आम्हाला चहा दिला. ती हसतमुख बाई होती, पण त्या दिवशी तिचा आवाज चढला होता. पाणी संपले म्हणून ती सकाळी दोन हंडे शेजारून घेऊन आली होती, आणि आत्ता तिला कळले होते की कडब्याच्या खोलीत जमिनीखाली एक भरलेली टाकी आहे.

"पाहा भाऊजी," ती मला म्हणाली, "माह्याच घरातलं पानी मले याइले इचारून प्यावं लागते. लगन होऊन एवढे वर्स झाले, अजून मले माहीत नाई घरात टाक्या किती हायेत."

"दोन," तो म्हणाला.

"म्हंजे तीन असतीन," ती म्हणाली आणि आत गेली.

मुलीच्या लग्नाची गोष्ट याच जातीची, पण तिला दुसरी बाजू आहे. लग्न मेहकरला कार्यालयात होते. वऱ्हाड अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त आले. शेवटून दुसरी पंगत बसली तेव्हा आचाऱ्याने भाताचे पातेले तिरपे करून दाखवले. बुंदी आधीच संपली होती. व्याही हात मागे बांधून दाराशी उभे होते आणि सगळे पाहत होते. त्याची पत्नी स्वयंपाकाच्या जागेकडून मांडवाकडे आणि मांडवाकडून स्वयंपाकाकडे फिरत होती. तो कुठे दिसत नव्हता. तासाभराने तो आला, खिशातून किल्ली काढली आणि कार्यालयाच्या मागच्या खोलीचे कुलूप उघडले. आत भाताची दोन मोठी पातेली, वरण, वांग्याची भाजी आणि टोपलीभर बुंदी. दुसऱ्या आचाऱ्याकडून दुसऱ्याच्या घरी शिजवून पहाटे आणून ठेवलेली. त्याने घरात कोणालाही सांगितले नव्हते.

लोकांनी त्याला उचलून घेतले. व्याह्यांनी पाठ थोपटली. मी त्याच्या पत्नीकडे पाहिले. ती एका पाटावर बसली होती, पदर तोंडावर घेऊन. किल्ली त्याच्या खिशात असताना ती एक तास जे भोगत होती, ते त्याच्या हिशेबात नव्हते. त्याच्या साठ्याने लोक वाचत, हे खरे आहे. पण वाचण्याआधी ते घाबरत, हेही खरे आहे. त्याला हे दुसरे कधी दिसले नाही. त्याच्यावरचे माझे आक्षेप पुष्कळ होते. हा त्यातला मोठा.

आता तेलाविषयी.

हाती थोडे तेल ठेवणे ही जहाजावर नवी गोष्ट नव्हती. जुन्या काळी बहुतेक चीफ ते करीत. हवा चांगली असेल तेव्हा रोजचा खप थोडा जास्त लिहायचा, म्हणजे टाकीत न लिहिलेले तेल साठत जाते. हवा बिघडली, इंजिन जास्त खाऊ लागले, की ते वापरायचे आणि खप कमी लिहायचा. कार्यालय खूश, जहाज भाड्याने घेणारा खूश, जहाज मध्येच थांबत नाही. जहाज सोडताना जुना चीफ नव्या चीफच्या कानात आकडा सांगे. कागदावर तो कधीच येत नसे. मीही ठेवले आणि मीही सांगितले. तेव्हा धुराचा हिशेब कोणी मागत नव्हते. मागू लागल्यावर आम्ही बाकीचे थांबलो. तो थांबला नाही. या साठ्याला तो 'आतलं' म्हणे, आणि ते वेगळ्या टाकीत ठेवी.

त्यातली विपरीत गोष्ट अशी, की त्याचे खोटे त्याच्याच जहाजाच्या विरुद्ध जात होते. चाळीस टन न जाळता जाळले म्हणून लिहिल्यामुळे जहाजाच्या नावावर न केलेला धूर चढला होता. लोक केलेले लपवतात. याने न केलेले कबूल केले होते.

मी साडेनऊला फोन लावला. जहाज सिंगापूरबाहेर नांगरावर होते. तिथे दुपार झाली होती. आता जहाजावरही फोन नीट लागतो.

"बोला साहेब," तो म्हणाला. "बुलढान्यात थंडी हाय का अजून?"

"चाळीस टन," मी म्हणालो.

जनित्राचा आवाज कमी झाला. त्याने दार लावले असावे.

"कोनी मोजलं?"

"जानेवारीतल्या सर्वेक्षकाने. सगळ्या टाक्या मोजल्या त्याने."

"हाव, पोट्टा चांगला होता. चा बी नाई पेला माह्या हातचा. तवाच वाटलं मले."

"खरा साठा किती आहे?"

"तुमाले कोन्तं पाह्यजे? कागदावरचं का आतलं?"

"एकच असते."

"पुन्यात एकच असन," तो म्हणाला.

मी हसलो नाही. त्याच्या वयाचा विषय होता. कंपनी चीफला ठरावीक वयापर्यंतच ठेवते, आणि त्याला आणखी एकच करार मिळण्यासारखा होता. या जहाजावर त्याने सलग अनेक वर्षे काढली होती. शेवटचा करार याच जहाजावर करावा, ते गोदीत दुरुस्तीला जाईपर्यंत सांभाळावे, आणि पुढच्या चीफच्या हाती स्वतः देऊन उतरावे, एवढीच त्याची इच्छा उरली होती. त्याने ती मला बोलून दाखवली होती, आणि इच्छा बोलून दाखवणे त्याच्या स्वभावात नव्हते. खरा आकडा दिला तर वर्षभर त्याच्या सहीने गेलेला रोजचा अहवाल खोटा ठरणार होता, आणि करार जाणार होता. आकडा दिला नाही तर जहाजाचे प्रमाणपत्र अडणार होते. हे दोघांनाही कळत होते.

"एक ओळ लिहा साहेब," तो म्हणाला. "जहाज झुकेल होतं, सर्वेअरचं माप चुकलं. असं होते का नाई, तुमीच सांगा."

"होते. या वेळी झालेले नाही."

"म्या खोटं काय केलं? कमी जाळलं, जास्त लिवलं. धूर तं कमीच गेला ना? आभाळाले इचारा."

"आभाळाला विचारता येत नाही. म्हणून तुला विचारतात."

"माह्या एकट्याच्या चाळीस टनानं काय व्हते?"

"प्रत्येक चीफ एकटाच असतो. प्रत्येकाने आपापले चाळीस टन इकडेतिकडे लिहिले तर बेरीज कशाची करायची?"

तो चिडला. इतक्या वर्षांत तो माझ्यावर प्रथमच चिडला. "बरं, सांगितलं. मंग हापिस काय करन? पुढच्या बंदरात चाळीस टन कमी भरन. जुलैत अरबी समुद्रात इंजिन दुप्पट खाऊन राह्यलं का मंग काय जाळू साहेब? तुमचं प्रमाणपत्र?"

"राखीव तेल कागदावर मागून घे. त्याची तरतूद आहे."

"मागितलेलं राखीव नसते साहेब. ते मंजूर असते. आन मंजूर कधी बी नामंजूर होते."

 मी त्याला तीन वाजेपर्यंतचा वेळ दिला आणि फोन ठेवला. मग मी दुसऱ्या दोन जहाजांचे काम केले, जेवलो, आणि औषध घेतले.

तीन वाजता त्याचाच फोन आला.

"लिवून घ्या," तो म्हणाला. त्याने सगळ्या टाक्या स्वतः पुन्हा मोजल्या होत्या. एकेका टाकीचा आकडा तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. शेवटी बेरीज केली. कळवलेल्या साठ्यापेक्षा त्रेचाळीस टन जास्त.

"सर्वेक्षकाने चाळीस म्हटले आहे," मी म्हणालो.

"तीन त्याले नाई भेटले. हुशार होता, पन अजून पोट्टाच हाय." मग थांबून तो म्हणाला, "आता सांगूनच राह्यलो तं पुरं घ्या."

ते तीन टन कोणालाही ठाऊक नव्हते. कोणत्याही तपासणीत ते निघाले नसते. मी त्रेचाळीस लिहिले. आभार मानले नाहीत. कामात आम्ही आभार मानत नसू.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. दुरुस्त आकड्यांमुळे जहाजाचा धूर कमी भरला, आणि सीमारेषेवर असलेली त्याची श्रेणी एका पायरीने वर गेली. कार्यालयाने त्याबद्दल जहाजाचे लेखी अभिनंदन केले. चुकीच्या अहवालांबद्दल त्याच्याकडे खुलासाही मागितला गेला. त्याने तो एका वाक्यात दिला, तेल मीच ठेवले होते. कराराची मुदत संपण्याआधीच त्याला एका बंदरात उतरवले. पुढचा करार मिळाला नाही. नवा चीफ जहाजावर आला तेव्हा दोघांची गाठ पडली नाही. कानात सांगण्यासारखेही काही उरले नव्हते.

त्या वर्षी जुलैत ते जहाज अरबी समुद्रात वादळी हवेत सापडले. नव्या चीफचा मला फोन आला. त्याने आडवळणाने विचारले, की आधीच्या चीफने कुठे काही ठेवल्याचे माझ्या कानावर आहे का. मी सांगितले, कागदावर आहे तेवढेच आहे. जहाज वेग कमी करीत करीत बंदराला लागले. टाक्यांत फारच थोडे शिल्लक होते. कोणाला इजा झाली नाही. कार्यालयाने ते इंधनाचे उत्तम नियोजन म्हणून नोंदवले.

मी केले ते योग्य होते. नियम मला मान्य आहे. आमच्या जिल्ह्यातले उन्हाळे ज्याने भोगले आहेत त्याला धुराचा हिशेब कशाला हवा हे समजावून सांगावे लागत नाही. तो प्रसंग पुन्हा आला तर मी पुन्हा तसेच करीन. एवढे सांगून झाल्यावरही काही उरते. त्यासाठी हे लिहिले आहे.

दिवाळीनंतर मी त्याच्या गावी गेलो. तो ओट्यावर बसला होता. वजन उतरले होते.

"कसा आहेस?" मी विचारले.

"बरा हाय साहेब. एकदम बरा."

मी ते ऐकले आणि चहा घेतला.

विहिरी मोजायला जातोस की नाही, असे मी विचारले. जातो, म्हणाला. "आता बरोबर सांगतो. दहा असन तं दहा, बारा असन तं बारा. नियम हाय ना साहेब, खरं सांगाचा." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते. आतून त्याची पत्नी म्हणाली, "लोक म्हनते माप आता बरोबर येते. पन मोटारी बंद व्हयेनात कोनाच्या." मेहकरची गाडी येण्याची वेळ झाली तेव्हा तो मला थांब्यापर्यंत सोडायला आला, आणि वाटेत दोनदा उभा राहिला. मला वाटले, तो शेते दाखवतो आहे.

पुढच्या पोळ्याच्या आधी तो गेला. दुखणे कित्येक महिन्यांचे होते, असे डॉक्टर म्हणाले. त्याने ते पत्नीलाही सांगितले नव्हते. मला कळले तेव्हा तेरावा होऊन गेला होता.

त्या मंगळवारचे एक सांगायचे राहिले.

दुरुस्त केलेला वार्षिक अहवाल मी पाच वाजता पाठवला. लगेच त्याचा फोन आला.

"पाठवलं?"

"पाठवले."

"म्हंजे आता ते आतलं राह्यलं नाई."

"नाही."

"मंग वेगळं कायले ठेवू?"

मी म्हणालो, तेल आहे तिथे राहू दे. टाकी बदलायला कोणी सांगितलेले नाही. संस्थेने फक्त आकडा मागितला होता. तो म्हणाला, बरं. पण त्याने ते ऐकले नाही. जहाजावरच्या सेकंड इंजिनियरने मला नंतर सांगितले ते असे. चीफ एकटाच इंजिनरूममध्ये उतरला. मदतीला आलेल्या माणसाला त्याने परत वर पाठवले. त्याने 'आतल्या' तेलाच्या टाकीची झडप स्वतः उघडली, पंप चालू केला आणि ते सगळे तेल रोजच्या वापराच्या चालू टाकीत सोडले. ते पूर्ण जाईपर्यंत तो नळावर हात ठेवून उभा होता. टाकी रिकामी होऊन पंपाचा आवाज बदलल्यावर त्याने तो थांबवला, झडप बंद केली, तिचे चाक फडक्याने पुसले, आणि टाकीवर खडूने शून्य लिहिले.